टी-शर्ट कंपनीचा, टार्गेट कंपनीचं, मग सेल्समन कुणाचा?

आपल्याकडे कुणी सांगितलं की मी साबण-टूथपेस्टवाल्या मोठ्या कंपनीत कामाला आहे, तर ऐकणाऱ्याला वाटतं हा सेटल झाला. डोळ्यासमोर येतो तो मुंबईच्या ऑफिसातला ब्रँड मॅनेजर, आयआयएम नाहीतर जमनालाल बजाजमधून थेट उचललेला, किंवा मग कारखान्यातला परमनंट कामगार, ज्याला पीएफ, बोनस, कँटीन सगळं आहे. ही दोन्ही माणसं खरी आहेत. पण ज्याच्यामुळं कंपनीचा माल तुमच्या गल्लीतल्या दुकानात येतो, जो रोज चाळीस-पंचेचाळीस दुकानं फिरतो, ऑर्डर घेतो, स्कीम समजावतो, शिव्या खातो आणि संध्याकाळी पैसे मोजून जमा करतो, तो या दोघांमध्ये कुठंच बसत नाही, कारण तो कंपनीच्या हजेरीपटावरच नाहीये. त्याला म्हणतात डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन. लाईनमधली भाषा आहे ‘ऑफ रोल’.

सोलापूर जिल्ह्यात मी बरीच वर्षं या लाईनमध्ये काढली, आधी डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन म्हणून आणि नंतर एका मोठ्या कंपनीच्या पेरोलवर सेल्स ऑफिसर म्हणून, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघितलंय. आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय ते मांडतो. डिस्ट्रिब्युटरकडचे सेल्समन, डिलिव्हरीची पोरं, गोडाऊनमधले लोक, मॉलमध्ये दिवसभर उभं राहून क्रीम-शाम्पू विकणाऱ्या मुली, या सगळ्यांसाठी महाराष्ट्रात हमालांच्या माथाडी मंडळासारखं एक मंडळ पाहिजे, आणि त्यात पैसे डिस्ट्रिब्युटरनं नाही तर कंपनीनं भरले पाहिजेत.

हे का म्हणतोय ते कळायला आधी काम कसं चालतं ते बघा. कंपनी माल बनवते, तो डेपोला येतो, डेपोतून डिस्ट्रिब्युटर घेतो. ही झाली प्रायमरी. डिस्ट्रिब्युटर आधी पैसे भरतो, बहुतेक ठिकाणी उधारी नाही. मग डिस्ट्रिब्युटरकडून दुकानाला माल जातो ती सेकंडरी, आणि इथं मात्र उधारी चालते, आठ दिवस, पंधरा दिवस, जसं दुकान तसं. या सेकंडरीवर अख्खी कंपनी उभी आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरचं उदाहरण घ्या, वर्षाची उलाढाल ६० हजार कोटींच्या आसपास, नफा १० हजार कोटींच्या आसपास, आणि त्यांचा माल देशातल्या ९० लाख दुकानांपर्यंत जातो असं कंपनी स्वतःच सांगते. ही ९० लाख दुकानं काही जाहिरात बघून आपोआप माल मागवत नाहीत. थोडा माल होलसेलमधून जातो, थोडा आता ॲपवरून जातो, पण बाकी ठिकाणी कुणीतरी माणूस गाडी स्टँडवर लावून आत जातो आणि विचारतो, “शेठ, काय देऊ?”

आणि शेठ काय म्हणतो? “आधी मागचं डॅमेज घेऊन जा, मग बोल.” किंवा म्हणतो, “तुझ्यापेक्षा होलसेलला दोन रुपये कमी आहे, तू मला कशाला लुटतोस?” मग सेल्समन ते ऐकून घेतो, फाटलेल्या पुड्या पिशवीत भरतो, कंपनीकडे क्लेम (भरपाईची मागणी) पास होईल की नाही याची त्याला खात्री नसते तरी ‘बघतो शेठ’ म्हणतो, आणि हळूच नवीन स्कीम काढतो. एका दुकानात सहा-सात मिनिटं. सोलापुरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे करून बघा म्हणजे कळेल की विक्री ही चीज काय आहे. सेल्समनला दुकानदाराच्या पोरीचं लग्न कधी आहे ते माहीत असतं, कुणाला कधी पैसे मागायचे नाहीत ते माहीत असतं, कुठल्या दुकानात म्हातारे वडील बसलेले असताना ऑर्डर मिळते आणि मुलगा बसला की मिळत नाही हेही माहीत असतं. हे ज्ञान कंपनीच्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, पण कंपनीचा आकडा यावरच येतो.

आता मुद्द्याचं. हा माणूस कुणाचा? कागदावर डिस्ट्रिब्युटरचा. पगार डिस्ट्रिब्युटर देतो, तोही पुष्कळ वेळा रोख किंवा साध्या ट्रान्सफरनं, सॅलरी स्लिप मागितली तर मिळेलच असं नाही. पण त्याचं काम कोण ठरवतं ते बघा. सोमवारी कुठला बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांचा फेरा, मंगळवारी कुठला, हे कंपनी ठरवते. कुठल्या दुकानात किती लाईन्स, म्हणजे किती वेगवेगळे आयटम, गेले पाहिजेत हे कंपनी ठरवते. त्याच्या हातातलं ॲप कंपनीचं, आणि दुकानाच्या जवळ गेल्याशिवाय ते ॲप ऑर्डर पंच करू देत नाही म्हणजे तो नऊ वाजून दहा मिनिटांनी कुठं होता हे मुंबईत दिसतं, सोलापूरच्या डिस्ट्रिब्युटरला कदाचित दिसणार पण नाही. टी-शर्ट कंपनीचा. ट्रेनिंग कंपनीचं. इन्सेन्टिव्हचे स्लॅब कंपनीचे. त्याला ठेवायचं की काढायचं हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो असं म्हणतात पण सेल्स ऑफिसरनं तीन महिने लावून धरलं की “हा पोरगा बदला”, तर कुठला डिस्ट्रिब्युटर नाही म्हणेल? बऱ्याच कंपन्या तर सेल्समनच्या पगारातला वाटा डिस्ट्रिब्युटरला क्लेममधून परत पण देतात. म्हणजे पैसा पण कंपनीचाच, फक्त तो दुसऱ्याच्या हातातून फिरवून आणलेला.

हे असं का करतात? याचं उत्तर कायद्यातल्या आकड्यांत आहे आणि ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण खरी मेख तिथं आहे. पीएफ कधी लागतो, तर एका आस्थापनेत २० माणसं असली की. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि ग्रॅच्युइटी, १० माणसं असली की. आता तालुक्याच्या डिस्ट्रिब्युटरकडे किती माणसं असतात? चार-पाच सेल्समन, दोन डिलिव्हरीला, एक बिलिंगला, एक गोडाऊनला. आठ-नऊ. झालं, यातला कुठलाच कायदा लागला नाही. एकाच कंपनीचं, एकाच पद्धतीचं, एकाच ॲपवर काम करणारे हजारो लोक देशभर आहेत, पण ते सगळे आठ-आठ, नऊ-नऊच्या तुकड्यांत वाटलेले असल्यामुळं कायद्याच्या हिशोबात कुणीच मोठा मालक नाही. आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा पण १० माणसांपासून लागू होता, आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ती मर्यादा २० वर न्यायला मंजुरी दिली. म्हणजे जे थोडे मोठे डिस्ट्रिब्युटर त्यात येत होते ते पण बाहेर. हे व्यापार सोपा करायला केलं म्हणतात, असेलही, पण त्या दहा ते वीसच्या मधल्या माणसांचा विचार कुणी केला असं मला तरी दिसलं नाही.

ग्रॅच्युइटीचं तर आणखी वाईट आहे. डिस्ट्रिब्युटर बदलतात. आज एकाकडे एजन्सी आहे, उद्या कंपनीनं काढून दुसऱ्याला दिली, कधी मार्जिन परवडत नाही म्हणून त्यानंच सोडली. माझ्या ओळखीचा एक सेल्समन आहे, बीट तोच, दुकानं तीच, कंपनी तीच, पण तीन डिस्ट्रिब्युटर झाले. प्रत्येक वेळी गोडाऊन बदललं, मालक बदलला, आणि त्याची सर्व्हिस परत शून्यापासून सुरू. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागतात, ती त्याची कधी भरणारच नाहीत. दुकानदारांना विचारलं तर ते त्याला आजही कंपनीच्याच नावानं हाक मारतात, त्याचं खरं नाव अर्ध्यांना माहीत नसेल. इतकी वर्षं ज्या नावानं तो ओळखला गेला त्या कंपनीकडं त्याच्या नावाची एक फाईल पण नाही.

अपघाताचं सांगतो. मोहोळ रोडला आमच्या एका पोराची गाडी घसरली, पायाचं हाड मोडलं, रॉड घालावा लागला. गाडी त्याची स्वतःची, पेट्रोलचे महिन्याला ठरलेले पैसे. डिस्ट्रिब्युटर भला माणूस होता, त्यानं खिशातून जमेल तेवढे दिले आणि महिनाभर अर्धा पगार पण दिला, तेवढीच त्याची ताकद होती. कंपनीकडून काय आलं? सिस्टिममध्ये तो बीट ‘व्हेकंट’ दाखवायला लागला आणि वरून फोन, की आठवड्याच्या आत नवीन माणूस बसवा, कव्हरेज पडतंय. फोन करणारा माणूस काही राक्षस नव्हता, त्याला पण वरून फोन आलेला. सगळी रचनाच अशी आहे की त्यात कुणालाच त्या पायाबद्दल विचारायची गरज पडत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

मग महिनाअखेर. क्लोजिंगच्या दोन दिवसांत अक्कलकोट रोडच्या गोडाऊनमध्ये काय चालतं हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. प्रायमरीचा आकडा पूर्ण व्हायचा असतो, डिस्ट्रिब्युटरचे पैसे आधीच मार्केटमध्ये अडकलेले, गोडाऊनला पाय ठेवायला जागा नाही, तरी आरटीजीएस करा म्हणून दिवसभर फोन. माल येतो. आला की तो काढायला लागतो. मग सेल्समनला सांगतात, आज रात्री नऊपर्यंत इतके बॉक्स गेलेच पाहिजेत. दुकानदार घेत नाही. मग माल होलसेलमध्ये कमी भावात मारला जातो, त्यामुळं पुढच्या महिन्यात तोच होलसेलवाला सेल्समनच्या बीटवर त्याच्यापेक्षा स्वस्त विकतो, आणि दुकानदार सेल्समनला चोर म्हणतो. इन्सेन्टिव्ह कसा? मी ज्या कंपनीत होतो तिथं काही महिने असे होते की शंभर टक्के झालं तर पैसे, अठ्ठ्याण्णव झालं तर काहीच नाही. महिनाभर उन्हात फिरलेल्या माणसाचा हिशोब दोन टक्क्यांवर शून्य होतो. वर कलेक्शनमध्ये काही कमी भरलं, एखादा दुकानदार पळून गेला, तर ती रक्कम त्याच्या पगारातून कापायची पण पद्धत आहे.

या कामात चांगलं काहीच नाही असं माझं म्हणणं नाही. बोलायला शिकवतं, माणूस ओळखायला शिकवतं, हिशोब तोंडपाठ होतो. हिंदुस्तान लिव्हरनं (आजचं हिंदुस्तान युनिलिव्हर) १९७० च्या दशकात आपल्या ट्रेनी मॅनेजर लोकांना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात खेड्यात राहायला पाठवायला सुरुवात केली होती आणि तिथून शिकून गेलेली माणसं पुढं मोठ्या पदांवर गेली. आजही बहुतेक मोठ्या कंपन्यांत नवीन ट्रेनीला काही आठवडे बीटवर पाठवतात. ती मुलं हुशार असतात, नम्र पण असतात बहुतेक. त्यांना बीट कोण शिकवतो? हाच ऑफ रोल सेल्समन. ट्रेनी शिकून वर जातो आणि शिकवणारा तिथंच राहतो, कारण ऑन रोल यायला ग्रॅज्युएशन पाहिजे, आता तर एमबीए पाहिजे, आणि तो बारावी. मी बी.कॉम. होतो म्हणून मला दार उघडलं, माझ्यापेक्षा चांगले विकणारे दोघं-तिघं माझ्याच बरोबर होते, त्यांना नाही उघडलं. तरी त्यांना दरवर्षी सांगितलं जायचं की चांगलं काम कर, ऑन रोल घेऊ. हे आश्वासन देणं बंद करा, निदान एवढं तरी करा.

एक गोष्ट मला नेहमी वाटते. कारखान्यातल्या कामगाराला जे मिळालं ते कुणी प्रेमानं दिलेलं नाही. मुंबईत शिवडीला लिव्हरचा जुना कारखाना होता, तिथली युनियन मजबूत होती. १९८८-८९ मध्ये तिथं वर्षभर लॉकआउट (टाळेबंदी) झाला तेव्हा कामगारांनी स्वतः कपडे धुण्याची पावडर बनवून ‘लॉकआउट’ याच नावानं विकली. विचार करा, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाची पावडर बनवली त्यांनी ती स्वतः बनवून रस्त्यावर आणली. हे करायला एकत्र यावं लागतं, आणि एकत्र यायला एक जागा लागते. कारखान्याला गेट असतं, गेटवर मीटिंग होते. सेल्समनला गेट नाही. सकाळी साडेआठला आठ जणं गोडाऊनवर भेटतात, बिलं घेतात आणि आठ दिशांना जातात. बार्शीच्या सेल्समनला पंढरपूरचा सेल्समन माहीत नसतो, जरी दोघं एकाच ॲपच्या रँकिंगमध्ये वर-खाली होत असले तरी.

डिस्ट्रिब्युटर लोकांची मात्र संघटना आहे आणि ती लढते पण. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात डिस्ट्रिब्युटरांनी मोठ्या कंपन्यांचा काही माल उचलणं बंद केलं होतं, कारण ऑनलाईन होलसेलवाल्यांना त्यांच्यापेक्षा स्वस्त माल मिळत होता. २०२४ मध्ये मार्जिनच्या बदलावरून परत तसंच झालं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, ठरलेलं मार्जिन कमी करून ते टार्गेटला बांधलं की सगळी जोखीम खाली ढकलली जाते. पण त्या सगळ्या बातम्यांत मार्जिन आलं, भाव आला, क्विक कॉमर्स आलं, सेल्समनचा पगार काय, पीएफ काय, हे वाचल्याचं मला आठवत नाही. डिस्ट्रिब्युटरवर टाकलेला दाब शेवटी कुठं जातो? तो सेल्समनवरच जातो, त्याच्या खाली कुणी नाही.

कायदा काहीच म्हणत नाही असंही नाही. १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईजचा कायदा होता, मुळात औषध कंपन्यांच्या एमआर लोकांसाठी, आणि तो त्यांनी संघटना करून, लढून मिळवला. २०११ मध्ये केंद्रानं तो साबण, कॉस्मेटिक्स, बिस्किटं, शीतपेयं अशा उद्योगांना पण लावला. आता नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यात पण सेल्सवाल्यांना कामगाराच्या व्याख्येत धरलंय. मग अडतं कुठं? अडतं ते मालक कोण यावर. कंपनी म्हणते आम्ही डिस्ट्रिब्युटरला माल विकतो, तो आमचा ग्राहक आहे, त्याचा नोकर तो त्याचा नोकर. कागद तसेच बनवलेले असतात. पण कागदाच्या पलीकडे बघायचं असतं हे आपल्याच सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये सांगितलंय. केरळातल्या एका दोरखंडाच्या कारखान्याची केस होती, हुसेनभाई नावानं ओळखली जाते, कामगार ठेकेदारानं आणलेले, मालक म्हणाला माझे नाहीत. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी म्हटलं की ज्याच्या हातात कामगाराच्या पोटापाण्याची आर्थिक नाडी आहे तोच मालक, मधे कितीही ठेकेदार असूद्यात. माझ्या मते सेल्समनला हे तंतोतंत लागू होतं. पण प्रत्येक सेल्समननं पंधरा वर्षं कोर्टात भांडायचं का? तो तर तारखेला जायला सुट्टी पण काढू शकत नाही.

म्हणून माथाडीचा रस्ता. हे महाराष्ट्राला नवीन नाहीच. साठच्या दशकात मुंबईत हमाल, मापाडी, तोलणार यांची हीच अवस्था होती. सातारा-सांगलीकडून गेलेली माणसं, आज या व्यापाऱ्याचा ट्रक, उद्या त्या व्यापाऱ्याचा, आणि प्रत्येक व्यापारी म्हणायचा हा माझा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. त्यातली कल्पना साधी आणि फार मोठी होती: मालक कोण हे भांडत बसायचं नाही. कामगाराची मंडळात नोंद, मालकाची मंडळात नोंद, मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, मालकानं भरायची, आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्ट्या, दवाखाना. मंडळात कामगार, मालक आणि सरकार तिघांचे लोक. आज नवी मुंबईत माथाडींची घरं दिसतात, कोपरखैरण्याला माथाडी हॉस्पिटल आहे, हे त्यातून आलं. आणि बघा, किराणा बाजारासाठी माथाडींचं वेगळं मंडळच आहे. म्हणजे वाशीच्या मार्केटात ट्रकमधून पोती उतरवणाऱ्या नोंदणीकृत माणसाला संरक्षण आहे, ते असलंच पाहिजे, पण किराण्याचाच माल दुकानात विकायला जाणाऱ्याला काही नाही.

माझा प्रस्ताव असा. राज्यात एका हद्दीपेक्षा जास्त विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं, देशी असो नाहीतर परदेशी, राज्यातल्या विक्रीच्या समजा अर्धा टक्का लेव्ही वितरण कामगार मंडळात भरायची. अर्धा टक्का म्हणजे दहा रुपयांच्या साबणामागं पाच पैसे. सेल्समन, डिलिव्हरी, गोडाऊन, मर्चंडायझर (दुकानात माल मांडणारे) यांची नोंद मंडळात, आधारला जोडलेली, आणि डिस्ट्रिब्युटर बदलला तरी सर्व्हिस सलग. नोंद करायला कंपनीला अवघड नाही कारण प्रत्येक माणसाची हजेरी तिच्या ॲपमध्ये मिनिटागणिक आहेच. जो डेटा कामावर नजर ठेवायला चालतो तो पीएफला पण चालला पाहिजे.

यावर काय बोललं जाईल ते मला माहीत आहे, मीटिंगांत ऐकलंय. पहिलं म्हणजे बोगस माथाडी, मंडळाच्या नावानं खंडणी. हे खरं आहे, उद्योजकांनी तक्रारी केल्यात आणि सरकारला त्यावर कायद्यात बदल करावा लागलाय. पण खंडणी तिथं होते जिथं कुणी टोळी गेटवर येऊन आमचीच माणसं घ्या म्हणते. इथं माणसं कंपनी आणि डिस्ट्रिब्युटर आजच्यासारखीच निवडणार, मंडळ फक्त पैसे आणि सर्व्हिस सांभाळणार, तेव्हा ती भीती इथं तेवढी लागू नाही. दुसरं, मंडळं कागदावर राहतात. हो, घरेलू कामगारांचं मंडळ २००८ च्या कायद्यानं आलं आणि त्याची काय गत झाली ते सगळ्यांना माहीत आहे. त्याचं कारण तिथं नियमित पैसा भरणारा कुणी नव्हता, बहुतेक सगळं सरकारच्या अनुदानावर. माथाडीत लेव्ही होती म्हणून ते टिकलं. म्हणून मी लेव्हीवर इतका अडून बसलोय.

तिसरं, आणि यात थोडं तथ्य आहे, की कंपन्या मग सेल्समन ठेवणारच नाहीत, सगळं ॲपवर नेतील. तसंही नेतच आहेत. लिव्हरच्या ‘शिखर’ ॲपवर दहा लाखांहून जास्त दुकानं आहेत, दुकानदार रात्री दहाला स्वतः ऑर्डर टाकू शकतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण माल पोचवायला, डॅमेज उचलायला, पैसे आणायला माणूस लागणारच आहे. आणि शिवाय लेव्ही विक्रीवर आहे, माणसावर नाही, त्यामुळं माणूस कमी केला म्हणून लेव्ही वाचत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय. नवीन सोशल सिक्युरिटी कोडमध्ये ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के गिग कामगारांसाठी भरायचे असं आहेच, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच्या मर्यादेत. म्हणजे दहा मिनिटांत साबण घरी पोचवणारा रायडर कायद्यात आला, उशिरा का होईना. तोच साबण गेली कित्येक दशकं वाडीवस्तीवर पोचवणारा माणूस कुठल्याच रकान्यात नाही.

खेड्यातल्या बायकांचं पण यात धरलं पाहिजे. २००० च्या सुमारास आताच्या तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यातून सुरू झालेला लिव्हरचा ‘शक्ती’ प्रकल्प आज देशभर आहे, लाखाच्या वर बायका घरोघर आणि छोट्या दुकानांत माल विकतात. त्यातून हातात स्वतःचे पैसे आले हे मी नाकारणार नाही. पण त्यांना उद्योजक म्हटलं की आजारपण, बाळंतपण, म्हातारपण सगळं त्यांच्यावरच. त्यांचीही नोंद याच मंडळात व्हावी.

सुरुवात कुठून करायची तर कामगार विभागानं एका जिल्ह्यात मोजणी करावी. सोलापूर घ्या, जिल्ह्यात कुठल्या कंपनीचे डिस्ट्रिब्युटर किती, त्यांच्याकडे माणसं किती, पगार किती, पीएफ किती जणांना, हे कंपन्यांकडून लेखी मागवा. ॲपचे युजर आयडी मोजले तरी आकडा दुपारपर्यंत निघेल. आणि डिस्ट्रिब्युटर संघटनेला माझी विनंती आहे, पुढच्या वेळी कंपनीसमोर मार्जिनच्या बोलणीला बसाल तेव्हा मागण्यांच्या यादीत सेल्समनचा पीएफ लिहा, आणि त्या टेबलावर एक खुर्ची सेल्समनला द्या.